सोनोग्राफीत खडा दिसला नाही, तरी सीटी स्कॅन कशासाठी?

बागाईतदार, तासगाव
गेल्या आठवड्यात वडिलांच्या (वय ५८) उजव्या कुशीत असह्य कळ आली. ती जांघेपर्यंत उतरत होती आणि सोबत उलट्याही झाल्या. मुतखड्याचा संशय आल्याने येथील डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टमध्ये उजव्या मूत्रपिंडाला सौम्य सूज असल्याचे लिहिले आहे, मात्र खड्याचा उल्लेख कोठेही नाही. तरीही मिरजेच्या युरोलॉजिस्टांनी आता सीटी स्कॅन सांगितला आहे. कळ थांबली आहे आणि खडाही नाही, मग आणखी खर्च कशाला, असे वडील म्हणतात. फार तर साधा एक्स-रे काढू, अशी त्यांची तयारी आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

क्ष-किरण, मिरज
सुजेची ती ओळ आपण सहज ओलांडलेली दिसते. माझ्या दृष्टीने संपूर्ण रिपोर्टमध्ये तीच महत्त्वाची आहे. लघवीचा मार्ग कोठेतरी अडल्याशिवाय एकाच बाजूच्या मूत्रपिंडाला अशी अचानक सूज सहसा येत नाही, आणि कळीचे वर्णनही त्याला जुळते आहे.

ध्वनिलहरी खड्यावर आदळून परत येतात, म्हणून पडद्यावर पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे काळी सावली दिसते. मूत्रपिंडातील खडा त्यामुळे बहुधा सापडतो. मूत्रवाहिनी मात्र मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी, सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची, बारीक नळी असते. तिचा बराचसा भाग आतड्यांच्या मागून जातो आणि आतड्यांतील वायू ध्वनिलहरींना पुढे जाऊच देत नाही. वरचे टोक आणि मूत्राशयाजवळचे खालचे टोक तपासता येते, मधला भाग बहुतेक वेळा झाकलेला राहतो. तेव्हा ‘खडा दिसला नाही’ याचा अर्थ, जेवढा भाग दिसला तेवढ्यात तो नव्हता, इतकाच घ्यावा. दोन-तीन मिलिमीटरच्या खड्याची तर सावलीही पुष्कळदा पडत नाही; अशा वेळी आम्ही कलर डॉपलर (सोनोग्राफी यंत्रातीलच रंगीत चित्राची सोय) लावतो, कारण त्यात खड्यामागे रंगांची चमचम उमटते.

एक्स-रेबद्दल सांगायचे तर युरिक आम्लाचे खडे त्यात उमटतच नाहीत, सीटीमध्ये दिसतात. शिवाय खड्यासाठी केल्या जाणाऱ्या सीटीला शिरेतून औषध सोडावे लागत नाही.

कऱ्हाडची नर्स
वरील विवेचन मान्य आहे, परंतु ‘आधी सोनोग्राफी’ या पद्धतीला कमी लेखले जाऊ नये. अमेरिकेतील आपत्कालीन विभागांमध्ये २७५९ रुग्णांवर झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, थेट सीटी न करता सोनोग्राफीपासून सुरुवात केल्याने गंभीर आजार निसटण्याचे प्रमाण वाढले नाही, किरणोत्सर्ग मात्र कमी झाला. त्यातील काहींना पुढे सीटी करावाच लागला, हेही खरे. गरोदर स्त्रियांमध्ये तर सोनोग्राफीलाच प्राधान्य असते. फक्त गरोदरपणात उजव्या मूत्रपिंडाला एरवीही थोडी सूज येते, हे ध्यानात ठेवूनच रिपोर्ट वाचावा लागतो.

पहिल्या तपासणीच्या वेळी काकांचे मूत्राशय भरलेले होते का? ते भरलेले असले तरच मूत्रवाहिनीचे खालचे टोक नीट दिसते. आपल्याकडे रांगेत ताटकळून माणूस लघवीला जाऊन येतो आणि लगेच त्याचा नंबर लागतो.

बागाईतदार, तासगाव
नव्हते, ताई. आत बोलावण्याच्या थोडेच आधी ते जाऊन आले होते. मग भरल्या मूत्राशयाने पुन्हा सोनोग्राफी केली तर सीटी टळेल का?

क्ष-किरण, मिरज
खालच्या टोकाला खडा असेल तर दिसू शकेल, आणि त्या बाजूने मूत्राशयात लघवीची धार येते की नाही, हेही पाहता येईल. मधल्या भागाची अडचण मात्र तशीच राहील. सोनोग्राफीत लहान खडे प्रत्यक्षापेक्षा मोठे मोजले जाण्याची शक्यता असते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो, त्याहून मोठ्याचा विचार वेगळा करावा लागतो. म्हणून नेमके माप उपयोगी पडते. शिवाय या वयात पहिल्यांदाच अशी कळ आली असेल, तर दुखण्याची इतर कारणेही सीटीत तपासली जातात. पुन्हा सोनोग्राफी करण्याविषयी युरोलॉजिस्टांना अवश्य विचारा, पण कळ थांबली म्हणून तपासणी सोडू नका. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर कोणत्याही तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी त्यांना रुग्णालयात न्या.