'यवन' हा शब्द मूळचा कुठला?

शंका : बखरींत यवन म्हणजे मुसलमान. मग कार्ल्याच्या लेण्यात यवन दाते कसे? त्या काळी इस्लाम कुठे होता? आणि हा शब्द 'यु' (मिसळणे) या धातूवरून आला हे खरं का?

उत्तर : धातू बाजूला ठेवा, शब्द परका आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया हा ग्रीकांचा मुलूख होता. तिथल्या लोकांचं जुनं नाव 'इआवोनेस'. पुढे ग्रीकांच्याच बोलण्यातून त्यातला 'व' गळाला. पण मुलूख इराणी साम्राज्यात गेला आणि इराणी सम्राट पहिल्या दारियसच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात 'यौन' म्हणून नोंदला गेला. गांधारही त्याच साम्राज्यात, त्यामुळे शब्दाला इकडे यायला वाट होतीच. संस्कृतात 'यवन', प्राकृतात 'योन'. ग्रीकांनी टाकलेल्या 'व'ची खूण आपल्याकडे टिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाणिनीच्या सूत्रात (४.१.४९) 'यवन' आहे, त्यावरून 'यवनानी' होतं आणि पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकं लिहिणारा कात्यायन सांगतो की ती यवनांची लिपी. अशोकाच्या गिरनार लेखात 'अंतियको योनराजा' येतो, म्हणजे ग्रीक राजा अँटिओकस.

'यु'सारख्या व्युत्पत्त्या मागाहून जुळवलेल्या. महाभारतात यवन तुर्वसूचे वंशज, तर रामायणात वसिष्ठांच्या गाईच्या योनिदेशातून जन्मलेले. नाव परकं, अर्थ लागेना, म्हणून कथा रचली गेली.

आता कार्ल्याकडे या. चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. लेख एवढाच : गाव, 'यवनस', दात्याचं नाव, 'थभो दानं'. खांब दिला, संपलं. 'यवन' तिथे शिवी नाही, नुसती ओळख आहे, आणि शेजारच्या इतर दात्यांच्या ओळीतच ती बसली आहे. याउलट नाशिकच्या लेण्यातल्या लेखात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाला, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीला, शक-यवन-पह्लवांचा (पह्लव म्हणजे पार्थियन) संहार करणारा म्हणते. लढाईतला यवन वेगळा, खांब देणारा वेगळा.

पश्चिमेकडून येणारा परका, असा अर्थ पुढे सैलावत गेला आणि मध्ययुगात तो मुसलमानांना लागला. म्हणून जुना उतारा वाचताना आधी त्याचा काळ बघा. कार्ल्याच्या 'यवन'चा अर्थ बखरीतून लावला, तर त्या दात्यावर अन्याय होतो.

पुरवणी शंका : मग 'युनानी' औषधातला युनान?

उत्तर : तोच आयोनिया. अरबी-फारसीच्या वाटेने आला, एवढाच फरक.