मदत हवी आहे : कमळाच्या टबातल्या या जळवा कोणत्या?

गच्चीवरच्या कमळाच्या टबात हायड्रिला ही पाणवनस्पती आणून टाकली आणि आठवड्याभरात जळवा दिसू लागल्या. तांबूस, दोनेक सेंटिमीटर. हात घातला तरी चिकटत नाहीत. काल रात्री टॉर्च मारला, तर एकीने ट्युबिफेक्सचा किडा शेवईसारखा सुर्रकन अख्खा गिळला! बार्ब्रोनिया वेबेरी ही आशियातली शिकारी जळू रक्त पीत नाही, पाणवनस्पतींबरोबर दूरदूरच्या देशांत पोचली आहे, एवढं वाचलंय. तीच असेल का? पानांखाली चपटे कोशही चिकटलेत. गप्पी माशांची नुकती जन्मलेली पिल्लं खातील का? जळवा मारायला तांब्याचं औषध नको, माझ्या गोगलगायी मरतील. रात्री मांसाचा तुकडा ठेवून कुणी पकडल्यात का? टब रिकामा करायचं जिवावर आलंय, कमळाला कळी धरलीय.