१३ वर्षं, ७ क्लब, आता कोचिंगकडे वळू का?

सातार्ड्याचा_डावखुरा:
नमस्कार मंडळी. वय ३४, गाव गोव्याच्या हद्दीला लागून. फुटबॉल खेळतो, १३ वर्षांत ७ क्लब झाले, गोव्यात, मग मुंबईत एका ऑफिस टीमला, दोन सीझन केरळात मलप्पुरमला सेव्हन्स (सात-सात जणांचं फुटबॉल) पण खेळलो. कधी लेफ्ट बॅक, कधी स्टॉपर (मधला बचावपटू), एका कोचनं तर चक्क पुढे खेळवलं. कुणी जखमी झाला की मला फोन यायचा आणि मी बॅग भरून रात्रीची गाडी पकडायचो. आता डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. मागच्या क्लबनं शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे अजून दिले नाहीत. एक क्लब अजून एक सीझन खेळ म्हणतोय आणि इकडे आमच्या तालुक्यातली एक शाळा अंडर-१५ ची पोरं शिकवशील का विचारतेय, पैसे निम्म्याहून कमी. बायको म्हणते आता घरी रहा. मला खरं विचारायचंय ते हे, की ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्याचं पोरं ऐकतील का? आणि सुरुवात कुठून करायची?

रेडीकार:
अरे पोरांका नाव नको रे. तू सांगतंस ता एकदा करून दाखय, मगे बघ कशी ऐकतत ती. गुडघो सांभाळ पयलो.

वेंगुर्ल्याचा_कोच:
भावा, मी तुझ्यासारखाच फिरून आलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. ७ क्लब म्हणजे ७ कोच बघितलेस तू, कोण बेंचवरच्या पोराशी बोलायचा आणि कोण नजर पण द्यायचा नाही हे तुला आठवतंय ना? तेच तुझं भांडवल. स्टार प्लेअरला बेंचवर बसल्यावर काय वाटतं ते ठाऊकच नसतं, आणि अंडर-१५ ला निम्मी पोरं बेंचवरच असतात. बॉब हाउटनचं बघ, खेळाडू म्हणून इंग्लंडमध्ये कुणी ओळखत नव्हतं, पण ३१ व्या वर्षी स्वीडनच्या माल्मो क्लबला १९७९ च्या युरोपियन कपच्या फायनलला नेलं, नंतर आपल्या भारताचाही कोच झाला. स्टीफन कॉन्स्टंटाईनचं खेळणं तर गुडघ्यानंच थांबवलं, आणि २०१९ च्या एशियन कपमध्ये आपण थायलंडला ४-१ हरवलं तेव्हा कोच तोच होता.

आता कामाचं. कोचिंगच्या डी लायसन्सचा (पायरीपायरीनं मिळणाऱ्या लायसन्सपैकी खालचं) कोर्स आधी कर, खेळत असतानाच, थांबू नको. मग सी, बी, ए, प्रो अशी शिडी आहे आणि मधे प्रत्यक्ष टीम हाताळावी लागते, म्हणून ती शाळा सोडू नको, तिथेच तुझे तास भरतील. अजून एक, पोरांना रोज सड्यावरच्या ग्राउंडवर पळवू नको, जांभ्याची खडी गुडघे खाते, तुला ते सांगायला नको. पुनव-अमावाशेच्या आसपास संध्याकाळी पाचच्या सुमाराला ओहोटीचं पाणी लांब जातं आणि ओली पुळण (किनाऱ्यावरची वाळू) घट्ट होते, तेव्हा तिथे घे. अष्टमीला त्याच वेळेला भरती असते, तेव्हा मग ग्राउंड. माझं ट्रेनिंगचं टाइमटेबल कालनिर्णय बघूनच बनतं.

रत्नांग्री_हाफबॅक:
पैशाची बाजू पण लिहितो, कारण नंतर घरात त्रास होतो. क्लबवर भरवसा ठेवून चालत नाही, महिंद्रा युनायटेडसारखी टीम २०१० ला बंद झाली, मुंबई एफसी २०१७ ला. शाळेकडून महिना किती, सुट्टीतले किती, हे कागदावर घे. लाजू नको.
बाकी कोचिंगला उशीर होतो म्हणशील तर खालिद जमीलकडे बघ. महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी असं खेळला, दुखापतींनी हैराण, मग २००९ पासून सात-एक वर्षं मुंबई एफसीचाच कोच, ट्रॉफी एक नाही. नंतर मिझोरामची आयझॉल टीम. ती टीम आदल्या सीझनला आय-लीगमधून (देशातली मोठी क्लब लीग) खाली गेलेली, गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंगनं माघार घेतली म्हणून परत आत आली, आणि २०१७ ला थेट चॅम्पियन. त्या माघारीनं आपल्या बाजूची किती पोरं घरी बसली ते तू जवळून बघितलं असशील, मला अजून वाईट वाटतं. २०२५ ला तोच खालिद भारताचा कोच झाला.

सातार्ड्याचा_डावखुरा:
सगळ्यांचे आभार, मनापासून. काल शाळेत जाऊन आलो. एक पोरगा आहे, डावखुराच, पाय छान पण पास येईपर्यंत मान खाली. मी त्याला पास देणाऱ्याच्या समोर उभा केला आणि स्वतः त्याच्या मागे उभा राहून बोटं वर करत राहिलो, बॉल पायाला लागायच्या आधी वळून बघायचं आणि किती बोटं ते ओरडून सांगायचं. पहिले दहा-बारा चुकला. मग "तीन!" म्हणून ओरडला आणि त्याच झोकात वळून बॉल मोकळ्या जागेत घेऊन गेला, बाकीची पोरं आपणहून रांगेत येऊन उभी राहिली. अंधार पडला तरी कुणी जाईना. मला हे एक वर्षभर आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं.
क्लबला नकार कळवला. शाळेकडून कागद मागितलाय, सोमवारी देतो म्हणालेत. डी लायसन्सचा फॉर्म भरतोय. २२ पोरं आहेत आणि बॉल ४, त्यातला एक हवा धरत नाही. कुणाकडे साईज ५ चे जुने बॉल पडून असतील तर मेसेज करा, मी सावंतवाडी स्टँडवर येऊन घेऊन जाईन. आणि वेंगुर्ल्याचे कोच, येत्या अमावाशेला तुमच्याकडे पुळणीवर पोरांना घेऊन आलो तर चालेल का?

वेंगुर्ल्याचा_कोच:
ये ये. साडेचारला पोच, पाणी तोवर उतरायला लागलेलं असेल. दोन बॉल माझ्याकडचे घेऊन जा.