मदत हवी आहे: भावाला क्षमा करायची म्हणजे दावाही मागे घ्यायचा का?

सर्वांना सलाम. थोरल्या भावाने वडिलांचं घर परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतलं. वाटणीचा दावा कोर्टात आहे. आई त्याच घरात मागच्या खोलीत माझ्याजवळ राहते, त्यामुळे घरावर पाणी सोडणं शक्य नाही.

रविवारी चर्चमध्ये तो माझ्या दोन बाकं पुढे बसतो. प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ (आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हालाही कर) ही ओळ आली की माझा आवाज बंद होतो, ओठ नुसते हलतात.

उपास केले. त्याच्यासाठी रोज प्रार्थना केली (पहिला आठवडा दातओठ खातच). एकट्याने बोलून पाहिलं, मग बायबलातल्या मत्तय 18:16 प्रमाणे दोन वडीलधाऱ्यांना घेऊन गेलो. उपयोग शून्य. पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) म्हणतात, “सोडून दे.” काय सोडू, राग की घर? ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा कर, हे वचन मला पाठ आहे, तेवढं कृपया परत सांगू नका.

अडलंय ते इथे: मत्तय 5:24 देवाला अर्पण वाहण्याआधी भावाशी समेट करायला सांगतं. समोरचा तयारच नसेल तर मी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घ्यावं का? आणि 1 करिंथ 6:7 (आपसात कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?) वाचून दावा मागे घ्यावा, की मनातून क्षमा करूनही तो चालू ठेवता येतो? यातून गेलेलं कोणी आहे का इथे?