मदत हवी आहे: गाईची दगडी ट्यूबला दाद देत नाही, आणि आता बायकोच्या बोटाची जखमही

नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात आमच्या सात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) जातीच्या गाई आहेत. इथे कुणी पशुवैद्यक असेल किंवा जंतूंचा अभ्यास केलेलं कुणी असेल, तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

एका गाईला मार्चपासून तिसऱ्यांदा दगडी, म्हणजे कासेचा संसर्ग (मॅस्टायटिस), झालीय. पहिल्या वेळी मागच्या डाव्या सडातून गुठळ्या आल्या. डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिकची ट्यूब सडात सोडली, दोन दिवसांत दूध स्वच्छ दिसलं आणि मी ट्यूब बंद केली. कोर्स पाच दिवसांचा होता. दुसऱ्या वेळी डॉक्टरांना न विचारताच मेडिकलमधून तीच ट्यूब आणली. ही चूक माझीच. आता सहा दिवस झाले, तरी पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर घेतल्या की पिवळट पाणी आणि त्यात दह्यासारखे कण दिसतात. सड चिमटीत धरलं की आत सुतळीसारखी गाठ लागते.

धारा बायको काढते. वैरण कापताना तिच्या बोटाला विळा लागला, ती जखम तीन आठवडे भरेना. पहिल्या गोळ्यांनी काहीच फरक पडला नाही. पू तपासला तर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला, आणि रिपोर्टमध्ये तीन औषधांपुढे ‘रेझिस्टंट’ लिहिलेलं, म्हणजे त्या औषधांना हा जंतू दाद देत नाही. औषध बदलल्यावर आता जखम सुकतेय. पण हाच जंतू दगडीतही असतो आणि जनावरातून माणसात, माणसातून जनावरात जाऊ शकतो, हे कळल्यापासून माझी झोप उडालीय.

उन्हाचा याच्याशी संबंध आहे, असं मला वाटतं. आमच्याकडे पूर्वी उन्हाळ्यातही पहाटे गारवा यायचा, गाई बसून रवंथ करायच्या. यंदा रात्रीसुद्धा धापा टाकत उभ्या होत्या. उष्णतेचा ताण आला की गाईची प्रतिकारशक्ती कमी होते, हे डॉक्टरही सांगतात. त्यात मी फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे नळ) लावले आणि जमीन दिवसभर ओली राहिली. उबदार ओलीत जंतू झपाट्याने वाढतात. म्हणजे ऊन वाढलं की आजार वाढतो, आजार वाढला की औषध वाढतं, आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे मागे राहतात. २०१८ साली अमेरिकेतल्या ४१ राज्यांच्या आकडेवारीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जिथे किमान तापमान १० अंशांनी जास्त, तिथे माणसांमधल्या ई. कोलाय या जंतूचं औषधांना दाद न देण्याचं प्रमाण ४.२ टक्क्यांनी आणि या स्टॅफचं २.७ टक्क्यांनी जास्त आढळलं. उष्णताच त्याचं कारण आहे, हे यावरून सिद्ध होत नाही, पण माझ्या गोठ्यात जे दिसतंय त्याच्याशी ते जुळतं.

या गाईचं दूध डेअरीला घालत नाही. औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस घालायचं नाही ती मुदत लिहिलेली नसेल तर शेवटच्या डोसनंतर किमान सात दिवस घालायचं नाही, हे माहीत आहे. आधी मात्र असं दूध आम्ही वासरांना पाजायचो. त्यांच्या पोटातही औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात हे समजल्यावर बंद केलं. आता उकिरड्यावर ओततो, पण तेच शेणखत रानात जातं. मग हे दूध टाकायचं तरी कुठे?

दुसरं म्हणजे, दुधाची कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी तपासणी (कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायला) करायचीय. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी सॅम्पल दिलंय का? ट्यूब चालू असताना घेतलेलं चालतं, की बंद करून काही दिवस थांबावं लागतं? बर्फात किती तास टिकतं? बायकोच्या जखमेतला आणि सडातला जंतू एकच आहे का, हे ताडून बघता येतं का, आणि त्यासाठी दवाखान्याकडून नेमकं काय मागायचं?

आणि ज्यांनी मुक्त गोठा (गाई न बांधता मोकळ्या ठेवायचा) केलाय त्यांनी सांगा, जमीन ओली न करता गाई गार कशा ठेवता? मी फॉगर कालच काढलेत.

बायकोचं बोट पूर्ण भरेपर्यंत धारा मीच काढणार आहे, हातमोजे घालून, आणि ही गाय सगळ्यांत शेवटी. गुरुवारी डॉक्टर येणार आहेत. त्याआधी सॅम्पलबद्दल कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.