चढणीवर डिझेलचा दाब पडतो. थेट हाय प्रेशर पंपच बदलावा का?

प्रश्न
माझ्याकडील कॉमन रेल इंजिनाचे (ज्यात पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, जास्त दाबाने डिझेल भरतो आणि तेथून ते सर्व इंजेक्टरांना मिळते) डिझेल पिकअप १,८०,००० किलोमीटर चालले आहे. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालते. मात्र माल भरून चढण लागली आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडीची ओढ एकदम जाते. स्कॅनरवर पी ००८७, म्हणजे रेलमधील दाब कमी असल्याचा कोड येतो. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना स्टार्टरही बराच वेळ मारावा लागतो. फिल्टर नवा टाकूनही फरक पडलेला नाही. मेकॅनिक हाय प्रेशर पंप बदलण्यास सांगत आहेत. एवढ्या खर्चाआधी काय तपासावे?

प्रतिसाद १
सकाळच्या तक्रारीपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. रात्रभर उभ्या गाडीच्या लाइनमध्ये हवा शिरली की डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी ते पुन्हा ओढून आणण्यात स्टार्टरचा वेळ जातो. टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल, तर इंजिनाकडचा पंपच डिझेल खेचून घेतो. अशा लाइनमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असल्यामुळे फट पडली तरी चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. त्यामुळे गाडीखालची जमीन कोरडी आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेल सोसणारी पारदर्शक नळी बसवून पाहावे. सुरू केल्यावर थोडे बुडबुडे येणे ठीक. पण काही मिनिटांनंतरही त्यांची माळ तुटत नसेल, तर लाइन हवा धरते आहे, आणि चढणीवर दाब पडण्याचे कारणही तेच असू शकते.

प्रतिसाद २
वरील तपासणीत काही आढळले नाही, तर इंजेक्टरांचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांचा, परतावा (त्यांतून न फवारता परत जाणारे डिझेल) मोजावा. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी सारख्या मापाच्या वेगळ्या बाटलीत सोडून इंजिन काही मिनिटे आयडलवर ठेवावे. एखादी बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरली, तर पंपाने कमावलेला दाब त्या इंजेक्टरमधून वाया जातो आहे. आयडलला रेलमध्ये साधारण ३०० बार पुरतात, तर भाराखाली १,६०० बार किंवा त्याहून अधिक लागू शकतात, म्हणूनच ही झीज रिकाम्या गाडीत लपून राहते आणि चढणीवर उघडी पडते. जुना फिल्टर कापूनही पाहावा. त्यात धातूची चमकी दिसली, तर पंप आतून झिजतो आहे, आणि मग केवळ पंप बदलून भागत नाही; चमकी रेलमध्ये आणि इंजेक्टरांत पोहोचलेली असते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. जुन्या इंजिनांवर हात बसलेले काही कारागीर चालू इंजिनात इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून हवा काढतात. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, वरून केवळ सुई टोचल्यासारखी खूण दिसते आणि तरीही ताबडतोब शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

प्रश्नकर्ता
पारदर्शक नळीत बुडबुडे थांबेचनात. फिल्टरच्या तळाशी पाण्याचा सेन्सर असतो. फिल्टर बदलताना तो जुन्यावरून काढून नव्यावर बसवला होता, आणि त्यासोबत त्याची जुनी रबरी रिंगही नव्यावर आली होती. काढून पाहिली, तर एका बाजूने चपटी झालेली आणि नखाने दाबताच चिरणारी. नवी रिंग बसवून हातपंपाने हवा काढल्यावर गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. भरलेली गाडी चढणीवर नेली तेव्हा स्कॅनरवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाबाचे आकडे जवळजवळ बरोबरीने चढत होते.

प्रतिसाद १
नव्या फिल्टरच्या खोक्यात ही रिंग बहुधा दिलेली असते; तेथे एकदा पाहावे.

प्रश्नकर्ता
होती. न फोडलेल्या पुडीत.