आखडलेल्या खांद्याला दुखेपर्यंत ताण द्यावा का?

प्रश्न : सूरसागरकाठ, वडोदरा
माझे वय 52 असून आठ वर्षांपासून मधुमेह आहे. नवरात्रात गरबा खेळताना टाळीसाठी डावा हात वर जाईना, तेव्हा प्रथम लक्षात आले. आता चार महिन्यांनी अंबाडा घालणेही जमत नाही आणि त्या कुशीवर वळले की मध्यरात्री कळ येऊन जाग येते. एक्स-रे निर्दोष आहे, डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितले. व्यायामासाठी जेथे जात होते तेथे हात धरून जोराने वर नेला आणि पुढच्या दोन रात्री डोळा लागला नाही. ‘दुखल्याशिवाय खांदा सुटत नाही’ असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : जुना आखाडेकर
दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात आमचे लहानपण गेले, त्यामुळे खांदा म्हटला की मला मुद्गलच आठवतात. ताई, अगदी हलका मुद्गल फिरवून पाहावा.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, कारेलीबाग
काकांचा मान राखून सांगते, मुद्गल तूर्त नकोत. मुद्गल फिरवायला सांधा मोकळा असावा लागतो. या आजारात सांध्याभोवतीचे आवरणच जाड होऊन आकसलेले असते.

घरी एक पाहून घ्या. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात ठेवा आणि पंजा बाहेरच्या बाजूस न्या. घरातल्या कोणी हलकेच नेऊनही तो जात नसेल, तर ते फ्रोझन शोल्डरशी जुळते. मात्र दुसऱ्याने नेल्यास जातो आणि स्वतःला नेता येत नाही असे असेल, तर कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटल्याची शंका घेऊन डॉक्टरांना पुन्हा दाखवावे.

रात्रीची कळ आहे, म्हणजे अजून दाहाचा टप्पा चालू आहे, आणि त्यात ओढाताण केली की दाह वाढतो. या काळात दहा मिनिटे शेक घेऊन लोलकाचा व्यायाम, म्हणजे वाकून लोंबता हात झुलू देणे, करावा, ज्याला अमेरिकन शल्यचिकित्सक कॉडमन यांचे नाव आहे (फ्रोझन शोल्डर हे नावही त्यांनीच 1934 मध्ये दिले). त्यासोबत उताणे झोपून, कोपर अंगालगत ठेवून, दोन्ही हातांत छत्री धरावी आणि चांगल्या हाताने दुखरा पंजा बाहेर ढकलावा. बोटांनी भिंत चढणे सर्वांना माहीत असते, पण बाहेर वळण्याची हालचाल दुर्लक्षित राहते आणि बहुधा तीच सर्वांत जास्त अडलेली असते. थोडे दुखणे चालेल. व्यायामानंतरचे दुखणे अर्ध्या तासात ओसरले नाही किंवा त्या रात्री कळ वाढली, तर दुसऱ्या दिवशी ताण कमी करावा. पूर्ण मोकळे व्हायला एक ते तीन वर्षेही लागू शकतात, आणि मधुमेहात हा काळ लांबतो.

सूरसागरकाठ :
आभारी आहे. आठवडाभर लोलक केला, पण खांदा थकतो. डॉक्टर इंजेक्शनही सुचवत आहेत.

फिजिओथेरपिस्ट, कारेलीबाग :
खांदा थकतो याचा अर्थ हात तुम्ही हलवत आहात. चांगला हात ओट्यावर टेकून वाका, दुखरा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबू द्या आणि कमरेतून अंग झुलवा. हात आपोआप डोलला पाहिजे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने या टप्प्यात वेदना कमी होऊन व्यायाम सोपा होतो. मात्र त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवून ते दिवस ग्लुकोमीटरवर रोज तपासत राहा.